गुग्गुळाचं बी मुंबईत रुजेल का? (आणि हे गुग्गुळच आहे ना?)

मुलुंडची_गच्ची

नमस्कार मंडळी,

आमचे भावोजी कच्छात नखत्राण्याच्या बाजूला नोकरीला असतात. परवा आले ते कागदाच्या पुडीत मूठभर फळं घेऊन. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या झुडपाची, त्याला विचारून घेतलेली. "गूगळ आहे वहिनी, लावून बघा," एवढं सांगून जेवायला बसले. पुढची माहिती विचारली तर "तिकडे कोणी लावत नाही, आपोआप येतं."

फळं मटारच्या दाण्याएवढी, टोकाला जराशी निमुळती. काही लाल आहेत, काही वाळून तपकिरी झालीत. दोन-चार उकललीत त्यात बी दिसतं. गंमत म्हणजे काही बिया काळ्या कुळकुळीत आहेत आणि काही पिवळट पांढऱ्या. भावोजींच्या मोबाइलमध्ये झुडपाचा एक फोटो आहे, पण त्यात झुडूप कमी आणि त्यांची मोटारसायकल जास्त. राखाडी, वेड्यावाकड्या फांद्या, काटे, पानं जवळजवळ नाहीत.

तर प्रश्न असे. हे गुग्गुळच आहे हे कसं ओळखायचं? असेल तर बी कसं पेरायचं? गच्चीवर दुपारी तीनपर्यंत कडक ऊन असतं. आणि मुंबईच्या हवेत हा उद्योग करण्यात अर्थ आहे का? हे मी विचारलं नसतं तरी तुम्ही सांगितलंच असतं, म्हणून विचारून टाकते.

दादरचा_दादला

रुजलं की कळवा. आमच्याकडे गुग्गुळ नाही पण डास भरपूर आहेत, सामंजस्य करार करू.

निवडुंगप्रेमी

आधी ओळख, मग पेरणी. कच्छात राखाडी, काटेरी आणि बिनपानांचं झुडूप म्हटलं तर निम्मा तालुका त्यात बसेल. भावोजींना एवढं बघायला सांगा:

खोडाची साल कागदाच्या पापुद्र्यासारखी सुटते का? सुटली तर खाली हिरवं दिसायला हवं. पानं गळालेली असतात तेव्हा हे झाड त्या हिरव्या सालीवरच गुजराण करतं.

काटे कुठे आहेत? गुग्गुळाला बाभळीसारखे वेगळे काटे नसतात. फांदीचं टोकच अणकुचीदार होऊन काटा बनतं. केर म्हणजे नेपतीला बारीक वाकडे जोडकाटे असतात आणि फळात गराबरोबर खूप बिया असतात, तेव्हा ती यातून बाद.

पान मिळालंच तर चोळून वास घ्या. पानाची ठेवण नीट बघा. मधलं पान मोठं, टोकाकडे दातेरी, आणि बुडाशी दोन्ही बाजूंना दोन चिमुकली पानं. कधी ती बाजूची असतात, कधी नसतातच. हे दिसलं तर मी बराचसा निश्चिंत होईन.

आणि डहाळी मोडली की सुगंधी चीक येतो. पण त्यांना डहाळ्या मोडत बसायला सांगू नका, पडलेली असेल तर बघा.

कैशोर

मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, तेव्हा बाजाराबद्दल थोडं सांगते. 'गुग्गुळ' म्हणून जे विकतात त्यातलं बरंच काही गुग्गुळ नसतं. आपल्याकडे सातपुड्यात, विदर्भात सालईचं झाड असतं, त्याचा डिंक 'सालई गुग्गुळ' म्हणून येतो. तेही औषधीच आहे, पण झाड वेगळं. मोठा वृक्ष, काटा नाही, एका देठावर पुष्कळ पानं, आणि फळ तीन कडांचं. तुमच्या फळांना तीन कडा नाहीत ना? मग तो प्रश्न मिटला.

धुपाच्या पुड्यांत तर काहीही असतं. मसजिद बंदरला एका दुकानात मला तीन भावांचे तीन 'गुग्गुळ' दाखवले होते. तिन्ही 'ओरिजिनल'.

दादरचा_दादला

@कैशोर, आणि तुम्ही मधला घेतलात. आपण मराठी माणसं नेहमी मधला घेतो.

कैशोर

काहीच घेतलं नाही. पण हो, मधल्याकडे हात गेला होता.

बंड्या_बॉटनी

निवडुंगप्रेमींनी खुणा बरोबर दिल्यात. थोडी भर घालतो.

शास्त्रीय नाव कॉमिफोरा वाइटीआय. जुन्या पुस्तकांत हेच झाड कॉमिफोरा मुकुल किंवा बालसमोडेंड्रॉन मुकुल म्हणून सापडेल, गोंधळू नका. याच कुळातलं कॉमिफोरा बेरी दक्षिणेत, विशेषतः तमिळनाडूत, कुंपणाला लावतात आणि रोपवाटिकांत तेही कधी कधी 'गुग्गुळ' म्हणून खपतं. इथे मात्र फळं थेट कच्छातून आलीत, त्यामुळे ती शंका फारशी नाही. मूळ ठिकाण माहीत असणं ही अर्धी ओळख असते. म्हणून ज्या पुडीवर गाव लिहिलेलं नाही ते बी मी हातात घेत नाही. तुम्ही आत्ताच पुडीवर गाव, महिना आणि 'बांधावरून' असं लिहून ठेवा.

मुंबईकरांना याबाबतीत तक्रारीला जागा नाही. वाळवंटी वनस्पतींचं मोठं काम आपल्याच गावातून झालं. झेवियर्समधले फादर ब्लॅटर आणि हॉलबर्ग यांनी जोधपूर-जैसलमेर पालथं घालून भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवर लिहिलं, ते १९१८ ते १९२१ या काळात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) नियतकालिकात क्रमशः छापून आलं. धोबीतलावला झेवियर्समध्ये ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आजही आहे. वाळवलेला नमुना आणि आपल्या हातातली डहाळी शेजारी ठेवून बघण्यासारखी दुसरी खात्री नाही. फोटोवरून 'हो हो, तेच' म्हणणाऱ्यांत मीही आलो.

आता काळ्या-पांढऱ्या बियांबद्दल. तुम्ही नकळत सगळ्यात कामाची गोष्ट लिहून गेलात. गुग्गुळाला दोन्ही प्रकारच्या बिया येतात. काळ्या रुजतात, पिवळट पांढऱ्या पोकळ असतात. पांढऱ्या बाजूला काढा.

मुलुंडची_गच्ची

अगंबाई, मी पांढऱ्या जास्त जपून ठेवल्या होत्या, त्या दिसायला छान आहेत!

तीन कडा नाहीत. भावोजींना निरोप धाडलाय. "पापुद्रा बघू?" असं तीनदा विचारलं त्यांनी.

घाटकोपरची_मासी

आम्ही मूळचे कच्छचे, पण तीन पिढ्या घाटकोपरला. माझं मराठी समजून घ्या. आमच्या गावाकडे डोंगराळ, खडकाळ जागेत गूगळ असायचं. सासरे सांगायचे की त्यांच्या लहानपणी ढोरं चारायला जायचे तेव्हा पुष्कळ होतं. आता शोधावं लागतं. डिंक काढणारे येतात, खोडाला घाव घालतात, चीक जास्त यावा म्हणून काहीतरी लावतात, आणि झाड पुढच्या वर्षी सुकतं. एका झाडातून मिळतं किती? काही शे ग्रॅम. त्यासाठी सहा-आठ वर्षं वाढलेलं झाड जातं.

भावोजींनी बांधावरून विचारून घेतलं हे छान केलं. जंगलातून ओरबाडून आणू नये.

स्थानिकच_लावा

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकतो, माफ करा. मुंबईत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, कच्छात साडेतीनशे-चारशे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, म्हणजे कच्छचा दोन वर्षांचा पाऊस चोवीस तासांत. त्या झाडाला इथे आणून काय साधणार? 'देशी' म्हणजे भारताच्या नकाशात कुठेही असलेलं असं नसतं. मुलुंडच्या मागे येऊरचं जंगल आहे. करवंद लावा, भोकर लावा, कुडा लावा. पक्षी येतील, फुलपाखरं येतील. गच्चीत गुग्गुळाची कुंडी ठेवून जात वाचत नाही, फक्त फोटो काढता येतो.

आंबट_चिंच

@स्थानिकच_लावा, तुमच्या गच्चीत करवंद आहे का?

स्थानिकच_लावा

आहे. काटेही आहेत. या एकदा.

बंड्या_बॉटनी

स्थानिकच_लावा यांचा मुद्दा मला निम्मा पटतो. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत गुग्गुळ अति-संकटग्रस्त आहे. त्याच्या पुढची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष. ते वाचवायचं असेल तर कच्छात आणि राजस्थानातच, आणि तशी कामं चालू आहेत. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीला पैसे दिलेत, अजमेरजवळ मंगलियावासला गुग्गुळाची जुनी राखलेली लागवड आहे, जोधपूरच्या शुष्क वन संशोधन संस्थेने रोपं करण्याच्या पद्धतींवर काम केलंय. मुलुंडच्या कुंडीचा त्यात वाटा शून्य, हे मान्य.

पण ही जमिनीत लावून पसरवायची गोष्ट नाही, कुंडीतली आहे. येऊरला त्याचा काही उपद्रव होणार नाही, कारण तिथे ते एक पावसाळाही काढणार नाही. आणि ज्याने झाड बीपासून वाढवलंय तो पुढे धुपाची पुडी घेताना दोन प्रश्न जास्त विचारतो. मला तेवढं पुरे आहे.

आंबट_चिंच

बियांचा नाद सोडा हो. गुग्गुळ काडीवर येतो. पेन्सिलीपेक्षा जाड, वीतभर काडी, पावसाळ्याच्या तोंडावर रेतीत खोचली की पंधरवड्यात डोळे फुटतात. शेतकरीसुद्धा तसंच करतात. बी म्हणजे नुसता संयमाचा व्यायाम.

निवडुंगप्रेमी

काडी सोपी आहे, वादच नाही. पण काडी कापायची म्हणजे जिच्यावर आधीच घाव पडलेत त्या झाडावर आणखी एक. बांधावरची पडलेली फळं उचलण्याने कोणाचं काही जात नाही. शिवाय बीच्या रोपाला खाली जाणारं सोटमूळ मिळतं, काडीच्या रोपाला ते नसतं.

आंबट_चिंच

कुंडीत सोटमूळ कुठे जाणार, तळमजल्यावर?

निवडुंगप्रेमी

उंच कुंडी घ्यावी. बादली चालेल. भोकं पाडून.

विविधता_प्रिय

काडीने सगळी रोपं आईची नक्कल होतात. बीपासून केली की जनुकीय विविधता मिळते. म्हणून बीच श्रेष्ठ. विषय संपला.

बंड्या_बॉटनी

@विविधता_प्रिय, इतर झाडांच्या बाबतीत हो म्हणालो असतो. इथे पंचाईत आहे. गुग्गुळात नर झाडं फारच कमी सापडतात, बहुतेक झाडं मादी. तरी त्यांना फळं धरतात, कारण परागीभवन न होताच बीत गर्भ तयार होतो. दिल्ली विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९६ साली हे सविस्तर दाखवलं. म्हणजे बीपासून आलेलं रोपही बहुधा आईचीच नक्कल. विविधता हवी असेल तर बी की काडी या वादात पडण्यापेक्षा वेगवेगळ्या गावांच्या झाडांवरून घ्यायला हवं. म्हणूनच मघाशी पुडीवर गाव लिहा म्हटलं.

विविधता_प्रिय

हे माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो, 'विषय संपला' सकट.

डोंबिवली_फास्ट_नाही

मध्येच एक विचारतो. गुग्गुळाने कोलेस्टेरॉल उतरतं म्हणे? सासूबाई गोळ्या घेतात.

कैशोर

थोडक्यात सांगते, धागा भरकटायला नको. आपल्याकडे यावर १९६० च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात काम सुरू झालं, पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने औषधही आणलं. इथल्या चाचण्यांत फायदा दिसला होता. पण २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत वाईट कोलेस्टेरॉल उतरलं नाही, उलट थोडं वाढलं, आणि काहींना अंगावर पुरळ आलं. तेव्हा सासूबाईंना सांगा की डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवा, थायरॉइडचं किंवा रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर नक्कीच. आणि गच्चीतल्या झाडाचा डिंक खरवडून कोणी तोंडात टाकू नका. औषधात वापरायचा गुग्गुळ आधी त्रिफळ्याच्या काढ्यात वगैरे शुद्ध करतात.

डोंबिवली_फास्ट_नाही

धन्यवाद. सासूबाई म्हणतात, "तुझ्या त्या धाग्यावरच्या डॉक्टरीणबाई बऱ्या वाटतात."

मुलुंडची_गच्ची

भावोजींचे फोटो आले! साल पापुद्र्यासारखी सुटलीय, खाली हिरवं आहे. फांदीचं टोकच काटा झालंय. झुडपाच्या बुडाशी आडोशाला थोडी पालवी होती, त्यात एक मोठं पान आणि दोन पिटुकली. वास "औषधाच्या दुकानासारखा" असं त्यांनी लिहिलंय. यावेळी मोटारसायकल फ्रेमच्या बाहेर आहे.

निवडुंगप्रेमी

बास. गुग्गुळच.

बंड्या_बॉटनी

माझंही अनुमोदन. आता पेरणी.

गर पूर्ण काढा, तो राहिला की बुरशी येते. काळ्या बिया रात्रभर पाण्यात टाका, तरंगतील त्या फेका. आतल्या कठीण कवचाला एका बाजूने काचकागदावर हलकं घासा. हलकं म्हणजे हलकं, आतला गर्भ दिसायला नको. मग दोन भाग जाड रेती, एक भाग पोयटा आणि चिमूटभर चाळलेलं शेणखत. कोकोपीट अजिबात नको, मुंबईच्या हवेत ते वाळतच नाही. बी पेराभर खोल. पाणी खालून ताटलीत द्या, वरून झारी नको.

निवडुंगप्रेमी

वेळेबद्दल माझं वेगळं मत आहे. पुस्तकं म्हणतात पावसाळ्याच्या सुरुवातीला पेरा. ते जोधपूरसाठी. तिथे पाऊस म्हणजे झाडाला मिळालेली सवलत, इथे जून म्हणजे कोवळ्या रोपाच्या बुडाशी कुज. मुंबईत होळीच्या आसपास पेरावं, म्हणजे पाऊस येईपर्यंत रोपाचं खोड जरा निबर होतं. मृगाच्या आधी सगळ्या कुंड्या छज्जाखाली. पूर्ण पावसाळा छज्जाखाली, अधूनमधून चमचाभर पाणी. दिवाळीनंतर पुन्हा उन्हात.

आंबट_चिंच

आणि हिवाळ्यात पानं गळाली की "मेलं मेलं" म्हणून फेकू नका. आमच्या सोसायटीत एकांनी काडीवर लावलेला चांगला जिवंत गुग्गुळ कचऱ्याच्या गाडीत दिला. नखाने साल खरवडून हिरवं दिसतं का एवढं बघायचं, बस्स.

घाटकोपरची_मासी

सुकल्यासारखं दिसतं ते महिनोन्‌महिने. आमच्या गावी तर वर्षातला बराच काळ तसंच उभं असतं. पाणी वाढवू नका, तिथेच मरतं.

मुलुंडची_गच्ची

सगळं लिहून घेतलं. काळ्या बिया होळीच्या दुसऱ्या दिवशी पेरल्या. शंका नको म्हणून थोड्या पांढऱ्याही वेगळ्या कुंडीत पेरल्यात, चिठ्ठी लावून. रागावू नका.

बंड्या_बॉटनी

रागावू कशाला, हाच खरा प्रयोग. निकाल सांगा.

स्थानिकच_लावा

मीही वाट बघतोय. करवंद सोडून.

(मधले काही प्रतिसाद कबुतरांच्या जाळीवर होते, ते 'गच्चीतली कबुतरं: भाग ७' या धाग्यावर हलवले आहेत. – व्यवस्थापक)

मुलुंडची_गच्ची

उशिरा लिहितेय, पण बातमी आहे. काळ्यांपैकी मोजक्याच उगवल्या, पण उगवल्या! पांढऱ्यांच्या कुंडीत काही नाही, फक्त कुठून तरी आलेलं चिवळीचं रोपटं. रोपं अजून बोटभरच आहेत, काटे नाहीत, पानं मऊ आणि चकचकीत. हात लावला की बोटांना वास येतो. उद्या कुंड्या छज्जाखाली नेणार.

आता नवा प्रश्न. एका ठिकाणी मी एकच बी टाकलं होतं, खूण म्हणून काडी रोवली होती. तिथून दोन रोपं आलीत, अगदी चिकटून. एक जोमदार, एक किडमिडं. हे काय प्रकरण आहे? दुसरं उपटू का?

दादरचा_दादला

एकावर एक फ्री. अट लागू.

बंड्या_बॉटनी

अभिनंदन, हे बघायला मिळणं भाग्याचं! गुग्गुळाच्या एका बीत एकापेक्षा जास्त गर्भ असू शकतात. मघाशी सांगितलं त्यातलंच हे, परागाशिवाय आईच्या पेशींतून गर्भ तयार होतात आणि कधी दोन-तीन एकदम उगवतात.

उपटू नका, जोमदाराची मुळं दुखावतील. आणि आत्ता वेगळीही करू नका, पावसाळ्याच्या तोंडावर मुळांना जखम म्हणजे कुजीला आमंत्रण. दिवाळीपर्यंत दोन्ही राहू देत. तोवर किडमिडं टिकलं तर मुळांभोवतीची मातीची हुंडी पूर्ण मोकळी करून, मुळं पाण्यात सोडवून दोन उंच कुंड्यांत लावा, आणि त्यानंतर तीन-चार दिवस पाणी देऊ नका. टिकलं नाही तर प्रश्नच नाही.

स्थानिकच_लावा

किडमिडं टिकलं आणि तुम्हाला जागा नसेल तर मला कळवा. छज्जा आहे माझ्याकडे.

आंबट_चिंच

!!!

मुलुंडची_गच्ची

@स्थानिकच_लावा, नोंद केली. बदल्यात करवंदाचं रोप लागेल.